जिताडा गरवण्याआधी: खाडीतल्या या माशाची ओळख, सवयी आणि गळाची तयारी

अलिबाग-पेणकडे जिताडा, मालवण-गोव्याकडे चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. मासा एकच, शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खाड्यांमध्ये तो सापडतो. आपल्याकडे धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, तेरेखोल आणि गोव्यातल्या मांडवी-झुआरीपर्यंत जिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं, तिथे तो असतोच.

नवखा माणूस बहुतेक वेळा रॉड-रीलच्या खरेदीपासून सुरुवात करतो आणि मग दोन महिने रिकाम्या पिशवीने घरी येतो. जिताडा दिवसाचा बराचसा वेळ एका जागी दबा धरून बसतो आणि भक्ष्य वाहत आपल्या तोंडाशी येईल याची वाट पाहतो. त्यामुळे गरवणाऱ्याचं निम्मं काम पाणी वाचण्याचं आहे: ओढ कुठे अडते, कुठे वळते, आणि कोणत्या वेळी बारका मासा नाइलाजाने आडोशातून बाहेर पडतो. हे कळलं की साध्या गळालाही जिताडा लागतो. हे न कळता कितीही महागाचं सामान आणलं तरी उपयोग नाही.

ओळख: अंगकाठीवरून सवय कळते

बाजारात पूर्ण मासा समोर आला की आधी डोकं बघा. तोंडाकडे निमुळतं होत गेलेलं डोकं आणि डोळ्याच्या वर, मानेच्या अलीकडे पाठीच्या रेषेत पडलेला स्पष्ट खळगा, ही पहिली खूण. त्यामागे पाठ एकदम उंचावते. तोंड मोठं, वरच्या जबड्याचं हाड डोळ्याच्याही मागे जातं, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित पुढे असतो. शेपटी गोलाकार, पंख्यासारखी. रावसाची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि नाक जबड्याच्या पुढे आलेलं असतं, त्यामुळे त्या दोघांत गोंधळ व्हायचं कारण नाही. गोंधळ होतो तो तुकड्यांमध्ये. कातडी काढलेला तुकडा जिताड्याचा म्हणून विकला जात असेल तर डोकं किंवा कातडी दाखवायला सांगा. खवले मोठे आणि खरबरीत असतात, कातडीवर त्यांचे ठसे राहतात.

पाठीवरचा पर दोन भागांत असतो. पुढच्या भागात सात ते नऊ टणक काटे, मागे दहा-अकरा मऊ किरणं. खाडीतल्या माशाची पाठ हिरवट-करडी आणि पोट चंदेरी असतं. गढूळ किंवा गोड्या पाण्यात राहिलेला मासा काळपट-तपकिरी दिसतो. एका बोटाएवढं पिल्लू तर वेगळाच मासा वाटावा असं असतं: अंग काळं-तपकिरी, डोक्यावर मधोमध पांढरा पट्टा, अंगावर ठिपके. मोठं होताना ते सगळं पुसलं जातं.

आता या प्रत्येक गोष्टीचा गरवण्याशी संबंध बघा. गोल रुंद शेपटी लांब पल्ल्याच्या पोहण्यासाठी नसते, ती एका जागेवरून झटक्यात झेपावण्यासाठी असते. म्हणून जिताडा लूरच्या (नकली आमिषाच्या) मागे लांबवर धावत नाही. दोन-तीन हातांच्या टप्प्यात आलं तरच तो उठतो. खालचा जबडा पुढे असल्यामुळे तो समोर आणि वर बघून झडप घालतो, त्यामुळे आमिष त्याच्या डोक्याच्या पातळीवर किंवा थोडं वर हवं. चिखलात बुडालेलं आमिष शिंगाळ्याला मिळतं, जिताड्याला नाही. तोंड तो चावण्यासाठी उघडत नाही. जबडा एकदम फाकवून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. उथळ पाण्यात हे घडलं की रिकामी बादली पालथी आपटावी तसा ‘भप्प’ आवाज येतो. रात्री उघाडीजवळ (बांधातल्या झडपेजवळ) हा आवाज ऐकू आला की जागा बदलू नका.

दात बारीक, काचपेपरसारखे. ते दोरी कापत नाहीत, घासून झिजवतात. खरा धोका गालफडांना आहे. कल्ल्यांवरच्या झाकणाला दातेरी कड आणि एक मजबूत काटा असतो, कड ब्लेडसारखी चालते. तांगूस (नायलॉनची दोरी) तुटली की ‘काय मासा होता!’ असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा मासा बेताचाच असतो, फक्त दोरी गालफडावर आलेली असते.

डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असल्याने टॉर्चच्या उजेडात तो लालसर चमकतो. मंद उजेडात त्याला छोट्या माशांपेक्षा बरं दिसतं, म्हणून संध्याकाळ, पहाट आणि पुलावरच्या दिव्यांखालची रात्र या त्याच्या शिकारीच्या वेळा. पुलाखाली तो उजेडात थांबत नाही. सावलीच्या रेषेच्या आत, अंधाऱ्या बाजूला, ओढीकडे तोंड करून थांबतो आणि उजेडातून येणारी बोय (खाडीतला बारका मासा) टिपतो. लूर उजेडात टाकून अंधारात आणायची असते. नवखे नेमकं उलटं करतात.

नर आधी, मादी नंतर

जिताड्याच्या आयुष्यातली ही गोष्ट समजली नाही तर कोणता मासा ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे कधीच कळणार नाही.

अंडी घालण्यासाठी त्याला खारं पाणी लागतं. नदीत, शेततळ्यात किंवा धरणात वाढलेला जिताडा वाढतो, पण तिथे त्याची वीण होत नाही. त्यासाठी तो खाडीच्या मुखाकडे, समुद्रालगतच्या पाण्यात उतरतो. वीण चंद्राच्या कलेशी जोडलेली असते: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, अंधार पडल्यावर, चढत्या भरतीला. भरतीचं पाणी तरंगती अंडी आत खाडीकडे ढकलतं, म्हणून ही वेळ. अंडं मिलिमीटरपेक्षाही लहान, जेमतेम पाऊण मिलिमीटरचं. २८ ते ३० अंश पाण्यात साधारण १२ ते १८ तासांत त्यातून पिल्लू बाहेर येतं, तेव्हा ते दीड मिलिमीटरचं असतं. दोन-तीन आठवड्यांत ही पिल्लं तिवरांच्या मुळांत, खाजणात, पावसाने भरलेल्या खाचरांत शिरतात. रायगडच्या खारपट्ट्यात पावसाळ्यात भातखाचरांत जिताड्याची पिल्लं मिळतात ती अशी. त्यातूनच घरामागच्या तळ्यात जिताडे वाढवायची तिथली जुनी पद्धत आली.

तीन-चार वर्षांचा होईपर्यंत वयात आलेला मासा बहुधा नर असतो. पुढे, साधारण ८० सेंटिमीटर ते एक मीटर लांबीच्या दरम्यान, तोच मासा मादी होतो. मीटरच्या पुढचे जवळपास सगळे मादी. मोठी मादी एका हंगामात कोटींच्या घरात अंडी देऊ शकते, लहान मादीची अंडी लाखांत असतात. म्हणजे दहा-बारा किलोचा एक मासा मारणं आणि तीन-तीन किलोचे चार मारणं, वजनात सारखं असलं तरी खाडीच्या हिशोबात सारखं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात म्हणूनच दोन्ही बाजूंची मर्यादा आहे: ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवायचा नाही. खालच्या मर्यादेमुळे नर वयात येतो, वरच्या मर्यादेमुळे मोठी मादी वाचते. आपल्या खाडीत कोणी मोजपट्टी घेऊन उभं नसलं तरी हा नियम स्वतःपुरता उचलायला हरकत नाही. आमचा सल्ला याहून कडक: ६० ते ८० सेंटिमीटरमधला एखादा घरी न्यावा, त्याच्या वरचा आणि खालचा सोडावा. वजनाचा अंदाज असा: ६० सेंटिमीटरचा मासा सुमारे अडीच-पावणेतीन किलो, ८० चा सहा-सव्वासहा, मीटरचा बारा किलोच्या आसपास.

किती मोठा होतो? २०१० साली क्वीन्सलंडच्याच टिनारू तलावात ४४.६४ किलोचा मासा गळाला लागला होता. गंमत अशी की त्या तलावात जिताडा जन्मूच शकत नाही. तिथली सगळी पिल्लं बाहेरून आणून सोडलेली.

भरतीचं गणित

पंचांग हाताशी असेल तर भरतीच्या तक्त्याशिवाय काम भागतं. जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यापुढे सव्वासहा तासांनी, रात्री सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. मागे मोजलं तर सकाळी पावणेनऊला आधीची ओहोटी. हा अंदाज मुंबईच्या किनाऱ्याचा आणि तोही अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाचा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. आपल्या जागेचा फरक एकदा काठी रोवून, घड्याळ लावून बघून ठेवा. नंतर तो फारसा बदलत नाही.

आता चतुर्थीच का घेतली? जिताड्याची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरती लागल्यावरचा पहिला तास. पाणी भरलेलं असतं तेव्हा कोळंबी आणि बोयची पिल्लं तिवरांच्या मुळांत आत शिरलेली असतात, जिताडाही त्यांच्यामागे आत पसरलेला असतो, आणि गळ तिथे पोहोचत नाही. पाणी ओसरू लागलं की तो सगळा खाऊ बारक्या नाळांतून मुख्य खाडीत येतो. नाळेच्या तोंडाशी जिताडा हजर असतो. तृतीया ते षष्ठी या तिथींना हा शेवटच्या ओहोटीचा काळ पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी-रात्री येतो, म्हणजे मंद उजेड आणि उतरतं पाणी दोन्ही एकत्र साधतात.

पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस उधाण सगळ्यात जोराचं असतं. उत्तर कोकणात तेव्हा पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, ओढ इतकी की शंभर ग्रॅम शिसंही तळाला टिकत नाही, आणि पाणी चहासारखं गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउतार. पाणी संथ, तुलनेने नितळ, पण हलत नाही म्हणून मासाही सुस्त. दक्षिणेकडे जाल तसा हा चढउतार कमी होत जातो. गोव्यात तो साधारण निम्मा असल्याने तिथे उधाणातही गरवता येतं.

जागा

खारबंदिस्तीच्या बांधावरची उघाडी (गोव्यात तिला मानस म्हणतात) ही नवख्यासाठी सगळ्यात सोपी जागा. ओहोटीला आतलं पाणी झडपेतून बाहेर पडतं आणि त्याबरोबर आतली कोळंबी, काळुंदर, बोय फेकली जाते. पावसाळ्याच्या शेवटी शेतांचं पाणी निघत असताना हे दृश्य बघण्यासारखं असतं: झडपेसमोर पांढरा फेस, फेसाच्या दोन्ही बाजूंना संथ गोल फिरणारं पाणी, आणि ओढ व संथपणा यांच्यामधली एक शिवण, जिच्यावर गवताच्या काड्या जमा होतात. जिताडा फेसात नसतो. तो त्या शिवणीच्या संथ बाजूला असतो. आमिष फेसात सोडा आणि ओढीने शिवणीवर जाऊ द्या. एक गोष्ट मात्र आधी विचारा. उघाडीजवळच्या मासेमारीचे हक्क गावाचे किंवा शेतकऱ्यांचे असतात, गोव्यात मानशीचा लिलाव होतो. न विचारता गळ टाकलात तर भांडण तुमचंच.

त्यापुढच्या जागा: दोन नाळा मिळतात तो कोपरा, खाडीच्या वळणाची बाहेरची खोल बाजू, पडलेलं झाड, पुलाचे खांब, जुन्या जेटीचे दगड. तिवरांच्या मुळांत तांबोशीही असते, आणि ती लागली तर जिताड्यापेक्षा जास्त त्वेषाने आत ओढते. नुसत्या सपाट चिखलाच्या काठावर उभं राहून लांबवर गळ फेकणं हा वेळेचा अपव्यय आहे.

हंगाम दोन. एप्रिल ते जूनची सुरुवात, पाणी तापलेलं असताना. आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर ते नोव्हेंबर, गढूळपणा बसू लागला की. २६ ते ३० अंश पाण्यात तो भरपूर खातो. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की खाणं मंदावतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे झोप मोडण्यात अर्थ नाही. तेव्हा जायचंच तर दुपारी जा, उथळ चिखल उन्हाने तापल्यावर त्यावरून भरतीचं पाणी परतत असताना. ऐन पावसाळ्यात बंदीचा काळ असतो. त्या वर्षीच्या तारखा मत्स्यव्यवसाय विभागाकडून बघून घ्या.

सामान

सात ते साडेसात फुटी मध्यम-जड रॉड आणि ४००० आकाराचं रील पुरेसं. त्यावर ३० पौंडी ब्रेडची (विणलेली) दोरी किमान १५० मीटर. पुढे सव्वा-दीड मीटर ५० पौंडी तांगूस लीडर म्हणून. लीडर का? ब्रेड ताणाला मजबूत, पण कालवांवर, खांबावर किंवा गालफडाच्या कडेवर घासली की क्षणात जाते. जाड तांगूस घासणं सोसते. जोड दुहेरी युनी गाठीने मारा. ओढण्याआधी थुंकी किंवा पाणी लावा, कोरडी गाठ ताणताना तापते आणि तिथेच कमजोर होते.

ड्रॅग (किती ताणाला रील दोरी सोडेल ती पकड) तीन-साडेतीन किलोवर. हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवू नका. रॉडमधून दोरी ओवून टोकाला वजनकाटा बांधा, कोणाला तरी ओढायला सांगा आणि ज्या आकड्यावर रील सुटू लागतं तो बघा. पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांचा ड्रॅग एक-सव्वा किलोवर निघतो, आणि मासा मुळांत का गेला याचं उत्तर तिथेच मिळतं.

जिवंत आमिषासाठी ५/० किंवा ६/० सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ). लूर वापरायची तर १० ते १२ सेंटिमीटरचा, मीटर-दीड मीटर खोल जाणारा मिनो (माशाच्या आकाराची कडक लूर) एक, आणि चार इंची मऊ शॅड (रबरी मासा) दोन-तीन, १० ते १५ ग्रॅमच्या जिगहेडवर (वजन बसवलेल्या गळावर). एवढंच. स्वस्त लूरचे तीनतोंडी गळ मऊ असतात, पक्कडीने वाकवून बघा. सहज वाकले तर जाड तारेचे बदलून घ्या.

जिवंत आमिषाची मांडणी

१. पागाने (फेकायच्या जाळ्याने) १० ते १५ सेंटिमीटरची बोय किंवा बोटाएवढी कोळंबी धरा. वीस लिटरच्या बादलीत सहा-सात बोय, त्याहून जास्त नाही. बॅटरीवरचा हवापंप लावा, बादली सावलीत ठेवा, दर अर्ध्या तासाने निम्मं पाणी खाडीच्या पाण्याने बदला. नळाचं पाणी घालू नका, क्लोरीनने बोय उलटी होते.

२. दोरीत गोळीचं शिसं ओवा, मग मणी, मग स्विव्हेल (फिरती कडी) बांधा. स्विव्हेलच्या पुढे लीडर आणि गळ. शिसं दोरीवर सरकतं राहिलं पाहिजे. माशाने आमिष उचललं आणि त्याला वजन जाणवलं तर तो थुंकतो. भांगाला २० ग्रॅम पुरतं, ओढ असेल तर ४० ते ६०.

३. बोय वरच्या ओठातून टोचा, किंवा पाठीच्या पराच्या जरा मागे, कातडीखाली वरवर. गळ खोल गेला की मणका दुखावतो, बोय दोन मिनिटांत मरते. कोळंबीला डोक्यावरच्या काट्याच्या बुडाशी आडवा टोचायचा. कवचातून आत काळा ठिपका दिसतो, त्याच्या पुढे. ठिपक्याला गळ लागला की कोळंबी मेली.

४. गळाचं टोक उघडं राहू द्या. सर्कल हूक आमिषात पुरला तर तो फिरून जबड्याच्या कोपऱ्यात बसू शकत नाही.

५. शिवणीच्या वरच्या बाजूला सोडा, दोरीतला ढिलेपणा काढा आणि रॉड हातात धरा.

मुळांच्या काठाशी शिसं अडकत असेल तर त्याऐवजी बोया (तरंगणारं बूच) लावा, आमिष मीटरभर खाली ठेवा आणि ओढीबरोबर तिवरांच्या कडेने वाहू द्या. जिताडा मूळतः वर बघून खाणारा असल्याने ही पद्धत तळाच्या मांडणीपेक्षा अनेकदा सरस ठरते.

लूर चालवताना घाई ही मुख्य चूक. दोन-तीन वळसे, थांबा, मोठ्याने तीन मोजा, रॉडच्या टोकाने एक बारीक झटका, परत थांबा. ठोका बहुतेक वेळा थांबलेल्या लूरला बसतो. एकाच कोपऱ्यात दहा-पंधरा फेक करा. जिताडा पहिल्या फेकीला उठेलच असं नाही, पण डोक्यावरून तीच वस्तू सारखी जाऊ लागली की चिडून घेतो.

लागल्यावर

सर्कल हूक असेल तर झटका मारायचा नाही. दोरी ताणली जाऊ द्या, रील फिरवत राहा, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात रुततो. सवयीने झटका मारला तर आमिष त्याच्या तोंडातून बाहेर येतं. लूरला मात्र एक घट्ट झटका द्यावाच लागतो, त्याचं टाळू हाडासारखं कडक असतं.

पहिले दहा सेकंद निर्णायक. तो ज्या मुळांतून किंवा खांबामागून निघाला तिकडेच वळतो. तेव्हा ड्रॅग सोडायची घाई नको, रॉड आडवा ठेवून त्याचं डोकं मोकळ्या पाण्याकडे वळवा. नंतर तो पाण्याबाहेर येतो, तोंड उघडं ठेवून डोकं झटकतो. अशा वेळी रॉडचं टोक उंच असेल तर त्याला आणखी वर उडायला मदतच होते. टोक खाली, पाण्याजवळ आणा आणि दोरी ढिली पडू देऊ नका. दमला की आडवा होतो, पण जाळीचा स्पर्श झाला की शेवटची एक उसळी ठरलेली. बहुतेक मासे या उसळीला जातात, कारण तोवर माणसाने ड्रॅग कसलेला असतो.

गाठरहित रबरी जाळीने डोक्याकडून घ्या. कल्ल्यात बोटं घालू नका. तुमचीही कापतील आणि सोडायचा मासा असेल तर त्याचेही कल्ले फाटतील. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवला की त्याच्याच वजनाने जबडा आणि मणका दुखावतो. एक हात पोटाखाली घेऊन आडवाच धरा. हात आधी ओले करा. दोरी हाताला गुंडाळून ओढू नका. सोडताना ओढीकडे तोंड करून पाण्यात धरा, शेपटीचा जोर हाताला जाणवला की तो स्वतःच निघतो. ठेवायचा असेल तर लगेच कल्ल्याची शीर कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ घातलेल्या खाडीच्या पाण्यात बुडवा. उन्हात बादलीत तासभर ठेवलेल्या जिताड्याची चव नंतर कोणत्याही मसाल्याने परत येत नाही.

मासा गेल्यावर प्रत्येक वेळी लीडरचा शेवटचा हातभर भाग नखाने चाचपून बघा. खरबरीत लागला तर कापून नवी गाठ मारा. हा कंटाळा सगळ्यात महाग पडतो.

स्वतःची काळजीही थोडी घ्या. कालवांवर अनवाणी जाऊ नका. चिखलात पाय घासत चाला म्हणजे दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) सरकतं. सावित्री आणि वाशिष्ठीच्या आतल्या भागात, तसंच गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून गरवायचं नाही. डोल जाळ्यांच्या खुंटांपासून लांब राहा. तिवराची फांदी आड येते म्हणून तोडू नका, कांदळवन तोडणं गुन्हा आहे.

तळ्यात वाढवायचा असेल तर

हा विषय मोठा आहे, इथे पुरेसं तेवढंच. पिल्लांसाठी आता खाचरांवर अवलंबून राहावं लागत नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ साली बंदिस्तात जिताड्याची वीण घडवून आणली, तेव्हापासून उबवणीतलं बीज मिळू लागलं. दोन-तीन सेंटिमीटरचं स्वस्त बीज घेण्यापेक्षा आठ-दहा सेंटिमीटरचं घ्या. पिशवी तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून, थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घेत मगच सोडा.

एक-दोन महिने आधी तळ्यात चिलापी (तिलापिया मासा) सोडून ठेवतात, गुंठ्याला पन्नास ते शंभर, एका नराला तीन माद्या या प्रमाणात. तिची पिल्लं हाच जिताड्याचा खुराक. मग गुंठ्याला तीस ते पन्नास जिताडे पुरतात. चिलापी मात्र तळ्याबाहेर जाता कामा नये, पाणी जिथून निघतं तिथे बारीक जाळी हवी.

जिताडा आपल्याच भावंडांना खातो. स्वतःच्या निम्म्याहून लांब मासा तो सहज गिळतो. त्यामुळे लहान असेपर्यंत आठवड्यातून एकदा जाळं ओढून मोठे, मध्यम, बारके असे वेगळे करावे लागतात. मोजणीत दहा पिल्लं कमी भरली आणि मेलेलं एकही तरंगताना दिसलं नाही, तर बगळ्याला शिव्या देण्याआधी जाळ्यातलं सगळ्यात जाड पिल्लू उचला आणि त्याचं पोट चाचपून बघा.